शब्दचर्चा : तज्ज्ञांचा सल्ला, अभिप्राय आणि स्वमूल्यमापन

प्रश्न :
चेताविकारांवर, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि नसांच्या आजारांवर, संशोधन करणाऱ्या एका केंद्राची माहितीपुस्तिका मराठीत लिहितो आहे. बाहेरचे शास्त्रज्ञ येऊन केंद्राचे काम तपासतात, त्याला मी ‘तज्ज्ञांचा सल्ला’ म्हटले. त्याआधी केंद्र स्वतःच आपल्या कामाचा लेखाजोखा मांडते, ते ‘स्वमूल्यमापन’. पण पुढच्याच प्रकरणात रुग्णही तज्ज्ञांचा सल्ला घेतात आणि आपल्या लक्षणांचे स्वमूल्यमापन करतात. कोण कोणाला काय सांगते आहे, तेच कळेनासे होते. एका ठिकाणी ‘आत्मपरीक्षण’ घालू का?

प्रतिसाद :
‘आत्मपरीक्षण’ नको. त्याला चूक झाल्याची टोचणी चिकटलेली आहे. हरलेल्या संघाने आत्मपरीक्षण करावे असे आपण म्हणतो. केंद्राच्या लेखाजोख्यात मात्र काय साधले, काय अर्धवट राहिले, पैसा आणि माणसे कुठे लागली, हे सगळेच येते. तिथे स्वमूल्यमापन चपखल बसते.

‘सल्ला’ रुग्णाकडेच राहू द्या. सल्ला मागणाऱ्याच्या भल्यासाठी असतो आणि तो मानायचा की नाही हे मागणाऱ्याच्या हाती असते. पाहणीला आलेले तज्ज्ञ प्रयोगशाळा बघतात, नवख्या संशोधकांशी त्यांच्या वरिष्ठांना बाहेर ठेवून बोलतात, एखादा प्रकल्प थांबवा असेही लेखी देतात. हा ‘अभिप्राय’ झाला. त्यातून निघतात त्या ‘शिफारशी’. एकवचनी शिफारशीला वशिल्याचा वास येतो खरा, पण ‘समितीच्या शिफारशी’ म्हटले की तो उरत नाही.

दुसरा प्रतिसाद :
वरच्याशी सहमत, पण माझी खरी हरकत रुग्णाच्या ‘स्वमूल्यमापना’ला आहे. कंपवाताची तीव्रता मोजायला २००८ साली सुधारून आणलेली एमडीएस-यूपीडीआरएस ही मोजपट्टी बघा. तिच्या दुसऱ्या भागात १३ प्रश्न आहेत आणि उत्तरे रुग्ण स्वतः देतो, लागलेच तर काळजी घेणाऱ्याच्या मदतीने. बोलणे, कपडे घालणे, अक्षर, अंथरुणात कूस बदलणे. प्रत्येकाला ० ते ४ गुण. तिसरा भाग तपासणाऱ्याचा. त्यात तर्जनी अंगठ्यावर १० वेळा आपटायला लावतात, शक्य तितक्या झपाट्याने आणि दर वेळी बोटे पुरती फाकवून. वेग मंदावतो का, बोटांमधले अंतर कमी होत जाते का, हे तपासणारा बघतो. दुसऱ्या भागात रुग्ण स्वतःची किंमत ठरवत नाही, रोजच्या जगण्यात काय अडते ते सांगतो. म्हणून त्याला मी ‘रुग्णकथन’ म्हणेन आणि तिसऱ्या भागाला नुसते ‘तपासणी’.

मेंदूच्या आजारांत आणखी एक पेच आहे. फ्रेंच चेतातज्ज्ञ बाबिन्स्की यांनी १९१४ मध्ये अशा रुग्णांचे वर्णन केले की डावे अंग लुळे पडले आहे याची त्यांना जाणीवच नव्हती. ते खोटे बोलत नव्हते. आपल्यातली उणीव ज्याने ओळखायची, तो मेंदूच दुखावला होता. अल्झायमरमध्येही पुष्कळांना आपली विस्मृती जाणवत नाही. अशा रुग्णाने ‘मी ठीक आहे’ लिहिले आणि आपण त्याला ‘मूल्यमापन’ म्हटले, तर वाचणारा ते मोजमाप समजून बसेल, आणि ही भूल महागात पडू शकते. म्हणूनच स्मृतिभ्रंशाच्या तपासणीत घरच्यांनाही वेगळे विचारतात.

प्रश्नकर्ता :
‘रुग्णकथन’ पटले. मग घरचे सांगतात त्याला काय म्हणावे? ‘नातेवाइकांची माहिती’ फार ढोबळ वाटते.

दुसरा प्रतिसाद (पुढे) :
‘आप्तकथन’. आज आप्त म्हणजे नातलग, पण न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्रात आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा जाणकार. इथे दोन्ही अर्थ हवेतच. मुलगी सांगते, ‘बाबा गॅस चालू ठेवून निघून जातात, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात’. डॉक्टरांना नेमके हेच हवे असते.

पहिला प्रतिसाद (पुढे) :
‘आप्तकथन’ मलाही आवडला. पहिल्यांदा येईल तिथे ओळीतच अर्थ सांगा, पुढे तो खुशाल एकटा वापरा. आणि शीर्षकात ‘चेताविकार’च ठेवा, ‘मेंदूविकार’ करू नका. मज्जारज्जू आणि हातापायांतल्या चेतांचे आजार त्यातून निसटतात. ‘मज्जाविकार’ही नको, अस्थिमज्जेशी घोटाळा होतो. तेवढे ‘तज्ज्ञ’ सगळीकडे तपासून घ्या. तद् अधिक ज्ञ, म्हणून आधी अर्धा ज हवाच, ‘तज्ञ’ चूक.