मदत हवी आहे: टूर कॅन्सल झाली, रिफंड मागितला तर क्रेडिट नोट घ्या म्हणतायत

मुलुंडची_सई
कोणाला अनुभव असेल तर पटकन सांगा प्लीज, डोकं फिरायची वेळ आलीये. व्हिएतनामची टूर बुक केली होती, आम्ही दोघं आणि सासूसासरे, ती कॅन्सल झाली आणि आता ते पैसे द्यायचं नाव काढत नाहीत, क्रेडिट नोट घ्या आणि वर्षभरात कुठेही जा म्हणे. सासऱ्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे, कुठे जाणार आम्ही? या टूरवाल्यांना सरकारचा काही नियम आहे की नाही??

जुना_गिरगावकर
कॅन्सल 'झाली' म्हणजे कोणी केली ताई? ऑपरेशनमुळे तुम्हीच केली असेल तर त्यांच्या कॅन्सलेशनच्या अटी लागणार. आणि रक्कम किती, दिली कशी, पावती?

मुलुंडची_सई
अहो त्यांनीच केली! निघायच्या नऊ दिवस आधी व्हॉट्सअ‍ॅप, ग्रुप भरला नाही म्हणून. ऑपरेशन नंतर ठरलं. ३ लाख ८० हजार, वर टीसीएसचे (परदेश टूरवर टूरवाले कापून सरकारकडे भरतात तो टॅक्स) १९ हजार.

बॅगपॅक_बंड्या
म्हणून मी सांगत असतो, टूरवाल्यांच्या नादी लागायचंच नाही. तिकीट आपण काढायचं, हॉटेल आपण बघायचं. मी हनोई निम्म्या खर्चात केलं.

जुना_गिरगावकर
बंड्या, सासूसासऱ्यांना होस्टेलच्या बंक बेडवर चढवणार आहेस का. तिला पैसे परत हवेत, सल्ला नकोय.

कोर्टाची_पायरी
आधी १९१५ ला फोन करा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात, ऑर्डर काढू शकत नाहीत, पण बरेच जण तेवढ्यानेच नरमतात. नाहीच जमलं तर जिल्हा ग्राहक आयोग, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन टाकता येतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं.

ठाणे_लोकल
सीसीपीएकडे, म्हणजे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे करा ना डायरेक्ट. मोठ्या मोठ्या कंपन्यांना दंड लावतात.

कोर्टाची_पायरी
ते प्राधिकरण सगळ्या ग्राहकांचं मिळून बघतं, फसव्या जाहिराती वगैरे. एकट्याच्या रिफंडसाठी आयोगच. आणि एक ऐका, तक्रारीत 'अनुचित करार' असा मुद्दा घेऊ नका, तो जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात जावं लागतं. 'सेवेतील त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' लिहा. सेवा धड दिली नाही आणि ठरल्या मुदतीत, किंवा मुदत नसेल तर ३० दिवसांत, पैसे परत केले नाहीत तर ते २०१९ च्या कायद्यात याच प्रथेत मोडतं.

लंडनचा_भाचा
ब्रिटनमध्ये विमानासकट पॅकेज विकायचं तर अ‍ॅटॉल लायसन लागतं, कंपनी बुडाली तरी ग्राहक वाऱ्यावर पडत नाहीत. २०१९ ला तिकडची थॉमस कुक बुडाली तेव्हा दीड लाखाच्या आसपास लोक बाहेर अडकले होते, सरकारने विमानं पाठवून घरी आणलं.

ठाणे_लोकल
थॉमस कुक बुडाली? मग इथे ऑफिस कसं चालू आहे?

लंडनचा_भाचा
इथली कंपनी वेगळी, मालक २०१२ पासून वेगळे. मुद्दा तो नाही. आपल्याकडे पर्यटन मंत्रालयाची मान्यता आहे पण ऐच्छिक, गाळा घेतला, बोर्ड लावला की झाला टूरवाला.

नेहमीची_प्रवासी
आम्ही नोव्हेंबरात व्हिएतनामला जातोय, ई-व्हिसा किती दिवसांत येतो?

ताळेबंद
सई, टीसीएस कोणाच्या पॅनवर घेतला? तुमच्या २६एएसमध्ये (पॅनवर जमा झालेल्या टॅक्सचा उतारा) दिसतोय का? त्यांनी भरला असेल तर तो तुमचा टॅक्स आहे, रिटर्नमध्ये मागता येतो. भरलाच नसेल तर गोष्ट वेगळी.

मुलुंडची_सई
मिस्टरांच्या पॅनवर. आत्ताच बघितलं, एंट्रीच नाही!! पैसे फेब्रुवारीत दिलेत. आणि हो, सांगायचं राहिलं, त्यातले ४० हजार कॅश होते, त्याची पावती नाही.

जुना_गिरगावकर
घ्या. हे आता सांगताय?

ताळेबंद
फेब्रुवारीचं त्यांचं टीसीएसचं स्टेटमेंट १५ मेपर्यंत भरायला हवं होतं, आता ऑगस्ट आहे. ईमेलवर २७डी, म्हणजे टीसीएस भरल्याचं सर्टिफिकेट मागा. फोनवर नाही, ईमेलवर.

कोर्टाची_पायरी
कॅशबद्दल चॅटमध्ये काही आहे का? 'मिळाले', निदान अंगठा तरी?

मुलुंडची_सई
अंगठा आहे 🙂 आणि 'थँक यू मॅडम, टोटल पेड' असं पण आहे. त्यांचं ऑफिस दादरला आहे, मग तक्रार तिकडच्या आयोगात करायची का?

कोर्टाची_पायरी
'टोटल पेड' असेल तर उत्तम, चॅट एक्स्पोर्ट करून ठेवा, फोन बदलू नका. २०१९ च्या कायद्यात तुम्ही राहता तिथेही करता येते. मुलुंड म्हणजे मुंबई उपनगर, वांद्रे पूर्वेला, चेतना कॉलेजजवळची प्रशासकीय इमारत. आणि तोपर्यंत क्रेडिट नोट 'स्वीकारली' असं चुकूनही लिहून देऊ नका.

मुलुंडची_सई
सासूबाईंनी कालच त्यांना 'ओके' पाठवलंय. त्याने काही होतं का???