किशोरांच्या सीएफएससाठी ऑनलाइन थेरपी: चाचणीचे आकडे कसे वाचायचे?

वाचनवेडा
नेदरलँड्सची फिटनेट चाचणी (लॅन्सेट, 2012) वाचतोय. सीएफएस, म्हणजे दीर्घकाळ न हटणाऱ्या थकव्याचा आजार, असलेली 12 ते 18 वयाची 135 मुलं. निम्म्यांना फिटनेट या कार्यक्रमातून इंटरनेटवरून सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी), बाकीच्यांना नेहमीचे उपचार. सहा महिन्यांनी शाळेत पूर्ण हजेरी 75% विरुद्ध 16%. एवढी तफावत असताना थेरपीच्या उपयोगावर वाद कशाचा? आणि नवी चाचणी आखायची तर मोजायचं काय?

मोजपट्टी
पुढचा पेपरही काढा. सरासरी 2.7 वर्षांनी बरे झालेले फिटनेट गटात 64% आणि दुसऱ्या गटात 52.8%, म्हणजे सांख्यिकीदृष्ट्या फरक उरला नाही. पण त्यावरून थेरपी कुचकामी ठरवायची घाई नको. सहा महिन्यांनंतर दुसऱ्या गटातल्या मुलांना फिटनेट घ्यायची मुभा होती आणि बऱ्याच जणांनी ती घेतली. गटांची अशी सरमिसळ झाली की लांब पल्ल्याच्या तुलनेला अर्थ उरत नाही.

मुख्य अडचण ब्लाइंडिंगची, म्हणजे कोणता उपचार कुणाला हे लपवून ठेवण्याची. आपल्याला कोणता उपचार मिळतोय हे मुलाला माहीत असतं. थकव्याकडे बघायची नजरच बदलायला शिकवायचं आणि मग 'थकवा किती?' असं विचारायचं! आकडा उतरला तरी थकवा उतरला की उत्तर द्यायची तऱ्हा बदलली, हे प्रश्नावलीतून कळत नाही.

तळटीप
ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतली (एनएचएस) फिटनेट-एनएचएस चाचणीही बघा. 734 मुलं घ्यायची होती, मिळाली 314. तिथे तुलना नेहमीच्या उपचारांशी नव्हती, दुसऱ्या गटालाही दुरूनच हालचालींचं नियोजन शिकवलं. मुख्य मोजमाप एसएफ-36 या आरोग्य-प्रश्नावलीतला शारीरिक क्षमतेचा भाग: 10 प्रश्न, प्रत्येकाला तीन पर्याय, एकूण 0 ते 100. म्हणजे जिना चढण्यापुढे 'खूप अडचण' ऐवजी 'थोडी अडचण' अशी खूण केली की 5 गुण वाढले. सहा महिन्यांनी दोन गटांत सरासरी फरक 8.2. दोन खुणांइतकाही नाही.

सावकाश
मोजायचं काय, त्याबद्दल.

हजेरी शाळेच्या नोंदवहीतून घ्या आणि तासांत घ्या. मुलाचं वेळापत्रक आधीच निम्मं केलेलं असेल तर त्या निम्म्याची पूर्ण हजेरी 'पूर्ण' धरू नका. भाजक नेहमी वर्गाचं पूर्ण वेळापत्रक. सुट्टीत किंवा परीक्षेच्या आठवड्यात मोजणी नको.

मनगटावरचा ॲक्टिग्राफ, म्हणजे हालचाल नोंदवणारं यंत्र, किमान सात दिवस, शनिवार-रविवार धरून. शाळा वाढली आणि एकूण हालचाल तेवढीच राहिली, तर मुलाने खेळ आणि मित्र सोडून शाळा सांभाळली असा अर्थ निघू शकतो. नुसत्या हजेरीत हे दिसत नाही.

श्रमानंतरची घसरण, म्हणजे पीईएम, अनेकदा 12 ते 48 तासांनी येते. शुक्रवारी दुपारी फॉर्म भरून घेतला तर शनिवार कागदावर येतच नाही. त्यापेक्षा रोज दोन ओळींची नोंद बरी, लांबलचक फॉर्म भरण्यातच मूल दमतं.

वाचनवेडा
मधेच सोडून गेलेल्यांचं काय करायचं?

सावकाश
विश्लेषणात ठेवायचं, सुरुवातीला चिठ्ठ्या टाकून गट ठरवताना ज्या गटात नाव निघालं त्याच गटात. सोडण्याचं कारण वेगळं विचारायचं, तेही थेरपिस्टने नाही, दुसऱ्या कुणीतरी. 'वेळ नव्हता' आणि 'हालचाल वाढवल्यावर अंथरुणाला खिळलो' हे दोन्ही 'गळती' या एकाच रकान्यात टाकले की अपाय दिसेनासा होतो. नाइस या ब्रिटनमधल्या उपचार-मार्गदर्शन संस्थेच्या 2021 च्या मार्गदर्शिकेने ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेणारी पद्धत देऊ नये असं म्हटलंय, आणि सीबीटी आजार बरा करणारा उपचार म्हणून देऊ नये असंही. त्यामुळे थेरपीने आजार बरा होईल असं संमतीपत्रातही लिहिता येणार नाही.