सड्यावरच्या कातळशिल्पांसाठी निधी उभारताना गाव आणि जमीनमालक यांना सोबत कसे घ्यावे?

सडेकर (राजापूर तालुका, सध्या ठाणे):
आमच्या सामायिक सातबाऱ्याच्या जमिनीत, गावच्या सड्यावर (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावर), कातळात कोरलेल्या चित्रांचा म्हणजे कातळशिल्पांचा एक समूह आहे. त्यात दोन मासे, एक लांब शेपटीचा पक्षी आणि एक चौकोनी पट असून पटाची निम्मी बाजू मातीखाली गेली आहे. दिवाळीनंतर गवत वाळले की आम्ही खराट्याने माती सारतो, कळशीभर पाणी ओततो आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बोटभर खोल रेषा एकेक करून उमटू लागतात. ही चित्रे पांडवांनी एका रात्रीत काढली, असे आजी सांगत असे.

आता शेजारच्या जागेत चिरेखाण सुरू झाली आहे आणि आमच्या भाऊबंदांपैकी दोघांना आपला हिस्सा खाणीला द्यावासा वाटतो. मी त्यांना दोष देत नाही, कारण त्या कातळाने आजवर कोणाचे पोट भरलेले नाही. जतनासाठी पैसा कोठून मिळू शकतो आणि मिळालाच तर तो आधी कशावर खर्च करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कातळवाट (रत्नागिरी):
आपला प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव पायपीट करून ही शिल्पे जगासमोर आणली, पण त्यांना वाट दाखवली ती बहुतेक वेळा गुराख्यांनी आणि सड्यावर वावरणाऱ्या गावकऱ्यांनीच. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत कोकणातील ९ स्थळे गेली. त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील ७, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील कुशावती नदीकाठचे एक स्थळ आहे. उरलेली असंख्य शिल्पे आपल्यासारखीच खासगी जमिनीत, कोणत्याही संरक्षणाविना आहेत.

माझे मत स्पष्ट आहे: पहिला रुपया भिंतीवर घालू नका. आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या, प्रत्येक आकृतीचे मोजमाप आणि छायाचित्रे नोंदवा, आणि वाडीतल्याच एखाद्या माणसाला राखणीची रोजी द्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या उक्षी गावी हत्तीच्या कातळशिल्पाभोवती चिऱ्यांचा गोलाकार कठडा आहे आणि तेथे तो शोभतो, पण आपल्याकडे कठडा बांधायची वेळ आलीच तर पावसाचे पाणी वाहून जायला वाट ठेवा, नाहीतर चार महिने पाणी साचून रेषांत शेवाळ धरेल.

हिशेबनीस (पुणे):
पैशाच्या वाटांविषयी लिहितो. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात आणि अनुसूची ७ मध्ये ऐतिहासिक महत्त्वाच्या स्थळांचे जतन स्पष्टपणे नमूद आहे. मात्र हा पैसा व्यक्तीच्या हाती येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत न्यास किंवा संस्था लागते. केंद्राचा राष्ट्रीय संस्कृती निधी १९९६ पासून आहे आणि त्यात देणगीदाराला विशिष्ट स्थळ निवडता येते. राज्याची ‘महाराष्ट्र वैभव’ ही स्मारके देखभालीसाठी दत्तक देण्याची संगोपन योजना केवळ राज्य संरक्षित स्मारकांसाठी असल्याने आज आपल्या उपयोगाची नाही.

एक सावधगिरी सांगावीशी वाटते. स्थळ केंद्रीय संरक्षित झाले, तर सभोवतालच्या १०० मीटरमध्ये नव्या बांधकामाला बंदी येते आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. ही गोष्ट भाऊबंदांना आधीच सांगा. मागाहून कळली, तर ज्यांनी सही केली तेच उद्या विरोधात उभे राहतील आणि त्यांचा राग रास्त असेल.

दूरदेशी (मेलबर्न):
मी सोळा वर्षे येथे राहते, म्हणून येथील एक उदाहरण देते. व्हिक्टोरिया राज्यात बज बिम येथे गुंडिचमारा या मूलनिवासी समाजाने लाव्हाच्या दगडांतून चर आणि बांध काढून वाम मासे धरण्याची व्यवस्था उभी केली होती. ती किमान ६,६०० वर्षे जुनी आहे. या समाजाच्या भूमिहक्काला न्यायालयाने २००७ मध्ये मान्यता दिली आणि जागतिक वारशाचा दर्जा त्यानंतर, २०१९ मध्ये आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज त्या समाजातली माणसेच पगारी रक्षक आणि मार्गदर्शक आहेत. मी फेरीला गेले तेव्हा आमच्या मार्गदर्शकाने चराच्या काठावर गुडघे टेकून, बुट्टीसारखा विणलेला सापळा कोठे आणि कसा लावत, ते हाताने दाखवले. प्रवेशाचे पैसे देताना ते कोणाच्या घरी जाणार आहेत, हे आम्हाला डोळ्यांसमोर दिसत होते.

सडेकर:
सर्वांचे मनापासून आभार. १ मेच्या ग्रामसभेआधी सर्व हिस्सेदारांना एकत्र बसवून १०० मीटरची अट वाचून दाखवीन. खाणीकडे झुकलेल्या चुलतभावांपैकी धाकटा सध्या गावातच असतो. राखणीची रोजी त्यालाच द्यावी, असे मनात आहे. मोजणीचा अर्ज या आठवड्यात करतो. मात्र निधी येईपर्यंतच्या पहिल्या वर्षाची रोजी आम्हा मुंबई-ठाण्यातल्या हिस्सेदारांनीच वर्गणी काढून द्यावी, की ग्रामपंचायतीमार्फत द्यावी, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास जरूर लिहावे.