३०० यार्डांवर उभा फैलाव: पॅरलॅक्स की आणखी काही?

ह्यूस्टनकर

मंडळी, जरा मदत हवी आहे. रायफल .३०८ विंचेस्टर, बोल्ट ॲक्शन. वर ३-९×४० चा साधा स्कोप (३ ते ९ पट झूम, पुढची काच ४० मिमी). त्याचा पॅरलॅक्स (डोळा हलला की क्रॉसहेअर निशाण्यावरून सरकल्यासारखा दिसतो तो दोष) कारखान्यातच १०० यार्डांना कायम केलेला, तो जुळवायला बाजूला नॉब नाही. स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच आहेत, त्यामुळे गाल कुंद्यावर नीट टेकत नाही, हनुवटीच टेकते.

बेंचवरून १०० यार्डांवर पाच गोळ्या इंचभरात बसतात. ३०० वर आडवा फैलाव तीन इंचांच्या आत, पण उभा पाच इंच. वारा पडलेला असतानाही तेच.

१) या पाच इंचांत पॅरलॅक्सचा वाटा किती धरायचा?
२) साइड फोकसचा, म्हणजे पॅरलॅक्स जुळवायला बाजूला नॉब असलेला स्कोप घेणे गरजेचे आहे का? काम म्हणजे टेक्सासातले पांढऱ्या शेपटीचे हरीण, फार तर ३०० यार्ड. अधूनमधून ५०० यार्डांवरच्या स्टीलच्या पाट्या.
३) याच रायफलवर ६-२४×५० चा साइड फोकस स्कोप लावून पाहिला. नॉब ३०० च्या आकड्यावर ठेवला तर चित्र धूसर. चित्र स्वच्छ होईपर्यंत नॉब फिरवला तरी डोके हलवले की क्रॉसहेअर निशाण्यावरून सरकतोच. स्कोप खराब आहे का?

भिंगवाला

खगोलाच्या पुस्तकात ज्याला पराशय म्हणतात तीच ही भानगड, फक्त फूटभर नळीत कोंबलेली. पुढची काच निशाण्याचे चित्र नळीत एका जागी उभे करते. ते चित्र आणि क्रॉसहेअर एकाच प्रतलात असतील तर डोळा कुठेही न्या, क्रॉसहेअर निशाण्याला चिकटून राहतो. चित्र थोडे पुढेमागे पडले की डोळ्याबरोबर क्रॉसहेअर सरकल्यासारखा दिसतो, आणि आपण तो 'सुधारायला' रायफल हलवतो.

जास्तीत जास्त चूक किती, याचा हिशेब सोपा आहे. पुढच्या काचेचा निम्मा व्यास घ्या. निशाण्याचे अंतर आणि पॅरलॅक्सचे अंतर यांच्यातल्या फरकाने त्याला गुणा आणि पॅरलॅक्सच्या अंतराने भागा. तुमची काच ४० मिमी, म्हणजे निम्मे २०:

५० यार्ड: १० मिमी
१०० यार्ड: शून्य
२०० यार्ड: २० मिमी
३०० यार्ड: ४० मिमी
५०० यार्ड: ८० मिमी

हे केंद्रापासून एका बाजूचे आकडे, आणि तेही डोळा पार कडेला, चित्र काळे पडायच्या बेताला असताना. म्हणजे ३०० वर वाईटात वाईट दीड-पावणेदोन इंच वर आणि तितकेच खाली.

आता दिशा, कारण तुमच्या तक्रारीची किल्ली तिथेच आहे. निशाणा पॅरलॅक्सच्या अंतरापलीकडे असेल तर डोळा जिकडे सरकेल तिकडेच गोळी जाते. डोळा वर, गोळी वर. निशाणा अलीकडे असेल तर उलट. हनुवटी टेकवून नेम धरला की डोळा डावी-उजवीकडे फारसा हलत नाही, वर-खाली मात्र प्रत्येक गोळीला वेगळा बसतो. तुमचा फैलावही नेमका उभाच आहे.

तरी सगळे खापर पॅरलॅक्सवर फोडू नका. १०० वर इंच म्हणजे ३०० वर तीन इंच तसेही आले. शिवाय काडतुसांच्या वेगात सेकंदाला ६० फुटांचा फरक असेल तर १६८ ग्रेनच्या गोळीचा ३०० यार्डांवर साधारण सव्वा इंचाचा उभा फरक पडतो. हाही उभाच. तेव्हा क्रोनोग्राफ मिळाला तर दहा गोळ्यांचे वेग मोजून घ्या, म्हणजे कुणाला किती दोष द्यायचा ते कळेल.

एक चाचणी फुकटात होते. रायफल रिकामी, बोल्ट काढलेला, पुढे-मागे वाळूच्या पिशव्यांत घट्ट. ३०० वर एक-एक इंचाच्या आडव्या पट्ट्या काढलेला कागद लावा. रायफलला हात न लावता डोके वर-खाली करा, चित्राच्या कडा काळ्या होईपर्यंत, आणि क्रॉसहेअर किती पट्ट्या ओलांडतो ते मोजा. तीनच्या आसपास यायला हव्यात. मग तेच १०० वर करा. तिथे हालचाल जवळपास दिसू नये. दिसली तर तुमचा स्कोप १०० ला नाही, १५० ला लावलेला असेल. काही कंपन्या तसे करतात.

बाकावरचा नेम

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. स्कोप बहुधा ठणठणीत आहे, मागची काच तुमच्या डोळ्याला लावलेली नाही. दहातले नऊ जण ही पायरी गाळतात आणि मग साइड नॉबला शिव्या घालतात.

आधी मागची काच. स्कोप सर्वांत जास्त झूमवर, नॉब अनंतावर, नळी मोकळ्या आभाळाकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे. सूर्याच्या आसपाससुद्धा नाही. डोळे मिटा, उघडा, आणि पहिल्याच क्षणी क्रॉसहेअर काळाकुळकुळीत, तीक्ष्ण दिसतो का ते पाहा. दोन सेकंदांपेक्षा जास्त पाहू नका. डोळा लबाड असतो, तो स्वतःला ताणून धूसर रेघ स्पष्ट करून घेतो आणि तुम्हाला वाटते जमले. नाही जमले तर मागची कडी थोडी फिरवा, लांबवर झाडाबिडाकडे पाहून डोळा सैल करा, पुन्हा झलक. चार-पाच फेऱ्यांत जागा सापडते. तिथे लॉक रिंग आवळा, नसेल तर नेलपॉलिशची खूण करा. चष्मा लावून नेम धरत असाल तर हे सगळे त्याच चष्म्यातून. प्रोग्रेसिव्ह काचा असतील तर पालथे पडून नेम धरताना नजर काचेच्या वरच्या कोपऱ्यातून जाते, म्हणून बाकाशी बसून केलेली जुळणी तिथे चालत नाही. त्याच अवस्थेत करा.

मग साइड नॉब. निशाण्यावर आणा, आणि नेहमी अनंताकडून खाली या. गिअरमध्ये थोडा ढिलेपणा असतोच. एकदा इकडून, एकदा तिकडून आलात तर तीच खूण दोन वेगळ्या जागा दाखवते. चित्र स्वच्छ झाले की थांबू नका, ते अर्धेच काम आहे. डोके दोन-तीन मिलिमीटर वर-खाली डोलवा, हनुवटी कुंद्याला लागू न देता.

क्रॉसहेअर डोळ्याच्या उलट दिशेला गेला: निशाणा नॉबच्या अंतरापेक्षा लांब आहे, अनंताकडे न्या.
डोळ्याबरोबर गेला: निशाणा जवळ आहे, लहान आकड्याकडे या.

क्रॉसहेअर निशाण्याला चिकटला की झाले. ३०० ते अनंत हा भाग नॉबवर बोटभरही नसतो, तिथे केसभर केसभर फिरवा. चित्राची तीक्ष्णता आणि क्रॉसहेअरचे चिकटणे एकाच जागी येत नसतील तर मागची काच अजून चुकीची आहे, तिथे परत जा. तीन प्रयत्नांनंतरही जुळले नाही तरच स्कोपवर संशय घ्या. आणि शेवटी निवड करायचीच वेळ आली तर जरा धूसर पण न हलणारे चित्र घ्या.

आकड्यांचे म्हणाल तर ते अंदाजे छापलेले असतात. डोळ्यागणिक आणि तापमानागणिक बदलतात. नॉबवर मास्किंग टेपची पट्टी लावा, १००, २००, ३००, ५०० वर स्वतःच्या डोळ्याने जागा शोधून पेनाने रेघा मारा. हे सकाळीच करा. टेक्सासात दहानंतर जमीन तापली की निशाण्यावर पाणी वाहताना दिसते, त्यात तीक्ष्णता ठरवणे अशक्य. तरी करावेच लागले तर झूम १२ वर आणा.

छर्रा१७७

नाशिकहून. आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे, त्यामुळे इथे हा विषय कागदाचा आणि एअर रायफलचा. पण पॅरलॅक्स खरा चावतो तो लांब पल्ल्यापेक्षा अगदी जवळ. वरचाच हिशेब लावा: ४×३२ चा स्कोप, पॅरलॅक्स १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, कागद १० मीटरवर. निम्मा व्यास १६, गुणिले ८१, भागिले ९१. चौदा मिमी! छर्राच साडेचार मिमीचा. त्यात ४ झूमला मागून येणारे प्रकाशाचे वर्तुळ ८ मिमीचे, डोळ्याला भटकायला मैदानच. नवशिके लोक याला 'रायफल फेकते' म्हणतात.

एअर रायफलला १० यार्डांपर्यंत खाली येणारा स्कोपच घ्यावा, पुढच्या काचेची कडी फिरवायचा किंवा साइड नॉबचा. पुढच्या कडीच्या प्रकारात भाग कमी, स्वस्तही पडतो, फक्त नेम धरलेला असताना हात तिथे पोचत नाही. स्प्रिंगवाली रायफल असेल तर स्कोप स्प्रिंगसाठी मजबूत केलेला आहे याची खात्री करा. पिस्टन शेवटाला आपटतो तेव्हा उलटा, पुढचा झटका बसतो. साधा स्कोप मागचा धक्का सोसायला बनवलेला असतो, या झटक्याने त्याच्या काचा ढिल्या होतात. मग पॅरलॅक्स रोज वेगळा.

जाता जाता: १० मीटर एअर रायफलच्या ऑलिंपिक स्पर्धेत स्कोप नसतो, भोकाचे साइट असतात. तिथला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा.

ह्यूस्टनकर

भिंगवाला, बाकावरचा नेम, दोघांचेही आभार. ६-२४ ची मागची काच पुन्हा लावली, ३०० वर क्रॉसहेअर आता चिकटतो. खरी जागा छापील आकड्याच्या बरीच पुढे निघाली. आता जुन्या ३-९ बद्दल. झूम कमी केला तर पॅरलॅक्स कमी होतो असे रेंजवर सांगतात. खरे का? आणि तो स्कोप उघडून ३०० ला लावता येईल का?

भिंगवाला

झूमचे अर्धसत्य आहे. कमाल चूक झूमवर अवलंबून नाही, ४० ची ४० च राहते. पण डोळा एक मिलिमीटर हलला तर ३०० वर ९ झूमला १८ मिमीची चूक होते, ४ झूमला ८ मिमीची. म्हणून गाल ठिकाणावर असेल तर कमी झूमचा फायदा. गाल हवेत असेल तर काही नाही, कारण ४ झूमला प्रकाशाचे वर्तुळ १० मिमीचे होते आणि डोळा तितकाच जास्त भटकतो.

उघडू नका. पुढच्या काचेची लॉक रिंग सैल करून काच फिरवता येते हे खरे. पण आतला नायट्रोजन जातो, सील तुटते आणि पहिल्या थंड पहाटे काच आतून घामेजते. वॉरंटीही गेली. ३०० ला लावायचाच असेल तर कंपनीकडे पाठवा, काही कंपन्या करून देतात. मग १०० वर चूक किती? वीस गुणिले २००, भागिले ३००, म्हणजे १३ मिमी. परवडते.

त्याआधी घरगुती उपाय. पुढच्या झाकणात बरोबर मधोमध २० मिमीचे भोक पाडा. चालती काच निम्मी, चूकही निम्मी. किंमत अशी की उजेड चौथाई राहतो. दुपारी ९ झूमला चालून जाते. टेक्सासात सूर्यास्तानंतर अर्धा तास शिकार कायदेशीर असते, त्या वेळेला मात्र झाकण खिशात. काहीच लावायचे नसेल तर डोके किंचित मागे घ्या, चित्राभोवती काळे कडे येईल. ते सगळीकडून सारख्या जाडीचे झाले की डोळा केंद्रात आहे.

बाकावरचा नेम

नव्या स्कोपवर पैसे घालण्याआधी रिंगा आणि कुंदा. हरणाचा मर्मस्थानाचा भाग साधारण आठ इंचांचा. मध्यापासून चार इंच मोकळे असताना ३०० वरचे पावणेदोन इंच हे कटकटीचे आहेत, घातक नाहीत. दक्षिण टेक्सासात मूळचे आपल्याकडचे रोही (नीलगाय) मारतात, त्यालाही हेच गणित, फक्त गोळी जड. पाट्यांचा नाद वाढला तर साइड फोकस घ्या, हरणासाठी नको.

रिंगा कमी उंचीच्या घ्या. पुढच्या काचेचे झाकण बॅरलला न लागता बसेल एवढीच फट ठेवा. मग डोळे मिटून गाल जिथे आपोआप विसावेल तिथे टेकवा आणि डोळे उघडा. चित्र पूर्ण गोल दिसले तर उंची बरोबर. खालच्या बाजूला काळी चंद्रकोर दिसली तर डोळा खाली राहिला आहे. कुंद्यावर बंद पेशींच्या फोमची ३ मिमीची पट्टी चिकटवा, पुन्हा पाहा, लागेल तशी दुसरी चढवा, वरून कापडी टेप गुंडाळा.

टेप गुंडाळण्याआधी बोल्ट पूर्ण मागे ओढून पाहा. तो फोमच्या पुढच्या टोकाला आपटत असेल तर टोक अर्धा-पाऊण इंच मागे कापा, नाहीतर बोल्ट साफ करायला काढताना प्रत्येक वेळी सगळी गादी उचकटावी लागेल.