मिश्र वस्तीचा वारसा साजरा करताना प्रत्येक समाजाला वेगळे दालन द्यावे का?

ओसरी यांचा प्रश्न

नमस्कार. अनेक भाषा बोलल्या जाणाऱ्या आमच्या जुन्या, दाट वस्तीत रहिवाशांची एक समिती वारसा दिनाची तयारी करत आहे. आतापर्यंतचा बेत असा आहे, की प्रत्येक समाजाला एक दालन आणि मंचावर ठरावीक वेळ द्यायचा, प्रवेशद्वाराशी वस्तीतल्या नामवंतांची छायाचित्रे लावायची आणि संध्याकाळी सांगता करायची. या योजनेत कोणी वगळले जात नाही, त्यामुळे ती सर्वांना लगेच मान्य झाली. मला मात्र ती अपुरी वाटते. पिढ्यान्‌पिढ्या एकाच जिन्याने ये-जा करणारी आणि एकमेकांच्या आजारपणात रात्र जागवणारी माणसे त्या दिवशी आपापल्या फलकाखाली वेगवेगळी उभी राहतील, आणि आपण एकत्र कसे राहिलो हे पाहायला येणाऱ्याला कुठेच कळणार नाही.

वस्तीतला हा सामाईक भाग लोकांसमोर कसा मांडावा? वस्तीच्या इतिहासात कटू प्रसंगही आहेत. ते अशा दिवशी सांगावेत की टाळावेत? आणि मांडव उतरवल्यावर मागे काय उरावे? ज्यांनी अशा कामाचा विचार केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

शिलालेख यांचे उत्तर

आपली शंका रास्त आहे. मांडणी समाजवार न करता जागावार करावी, असे मी सुचवेन, कारण समाज बदलतात, येतात आणि जातात, पण त्यांनी आळीपाळीने वापरलेली जागा त्या सगळ्यांची साक्षीदार असते.

लंडनच्या पूर्व भागात ब्रिक लेन नावाच्या रस्त्यावर १७४३ मध्ये बांधलेली विटांची एक इमारत आहे. फ्रान्समधील धार्मिक छळामुळे देशोधडीला लागलेल्या ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रेंच प्रोटेस्टंट लोकांनी, ज्यांच्यापैकी अनेक जण त्या भागात रेशीम विणत, ती आपले प्रार्थनागृह म्हणून उभारली. १८१९ मध्ये तेथे मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे चॅपेल आले, १८९८ मध्ये पूर्व युरोपातून आलेल्या ज्यूंनी तिचे सिनेगॉग केले आणि १९७६ मध्ये बांगलादेशी रहिवाशांनी तेथे मशीद सुरू केली. प्रत्येकाने आतली मांडणी आपल्या गरजेप्रमाणे बदलली, तरी मूळ वास्तू राहिली, आणि १७४३ हे साल कोरलेले सूर्यघड्याळ आजही तिच्या भिंतीवर आहे. हाच इतिहास चार दालनांत विभागून दाखवला, तर चार समाजांची माहिती मिळेल. पण एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने आपलीशी केली, ही त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हरवेल.

दुसरे उदाहरण न्यूयॉर्कमधील टेनेमेंट म्युझियमचे. ऑर्चर्ड स्ट्रीटवरील ९७ क्रमांकाची ही चाळवजा इमारत १८६३ मध्ये बांधली गेली. १९३५ मध्ये मालकाने वरच्या मजल्यांवरील भाडेकरूंना बाहेर काढले आणि त्या खोल्या सुमारे अर्धे शतक बंद पडून राहिल्या. १९८८ मध्ये संग्रहालयाची स्थापना झाली तेव्हा संस्थापकांनी वस्तीतल्या थोरामोठ्यांचे दालन न मांडता तिथे खरोखर राहिलेल्या कुटुंबांच्या खोल्या पुन्हा उभ्या केल्या. १८७० च्या दशकात नवरा परागंदा झाल्यावर शिवणकाम करून मुले वाढवणारी जर्मन ज्यू स्त्री आणि महामंदीच्या काळात भाडे भरताना मेटाकुटीला आलेले इटालियन कॅथलिक कुटुंब यांच्या खोल्या तिथे पाहता येतात. धर्म, भाषा आणि काळ वेगळे असले तरी भिंती, काळोखा जिना आणि भाड्याची काळजी सारखीच होती, हे पाहणाऱ्याला कोणी वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून समितीने समाजांची यादी बाजूला ठेवून आधी सामाईक जागांची यादी करावी: एखादी शाळा, दवाखाना, वाचनालय, छापखाना, कारखान्याचे फाटक, मुले खेळत ते रिकामे मैदान. प्रत्येक जागेवर किमान दोन वेगवेगळ्या घरांतली माणसे बोलतील अशी व्यवस्था करावी. नामवंतांची छायाचित्रे जरूर लावावीत, परंतु त्यांना प्रवेशद्वाराचा मान देऊ नये. त्या छायाचित्रांत बहुधा पुरुषच असतात, आणि ज्या बायकांनी शेजारधर्म प्रत्यक्ष निभावला त्या कोणत्याही फलकावर येत नाहीत.

दूरचापाहुणा यांचे उत्तर

वरील उत्तरात एक गोष्ट राहून गेली. वस्तीचा वारसा केवळ आज तिथे राहणाऱ्यांचा नसतो. सोडून गेलेले आणि घालवून दिलेले लोकही त्याचे वारसदार आहेत, आणि आपण विचारलेल्या कटू प्रसंगांचा प्रश्न इथेच येतो.

दक्षिण आफ्रिकेच्या केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही गुलामीतून मुक्त झालेले लोक, कारागीर, व्यापारी आणि स्थलांतरित यांची मिश्र वस्ती होती. वर्णभेदी सरकारने १९६६ मध्ये ती 'फक्त गोऱ्यांसाठी' असल्याचे जाहीर केले, पुढील वर्षांत ६० हजारांहून अधिक लोकांना तेथून हलवले आणि प्रार्थनास्थळांसारखे अपवाद सोडून जवळजवळ सगळी घरे जमीनदोस्त केली. १९९४ मध्ये तेथील एका जुन्या मेथडिस्ट चर्चमध्ये डिस्ट्रिक्ट सिक्स म्युझियम उघडले. त्याच्या जमिनीवर वस्तीचा मोठा नकाशा पसरलेला आहे, आणि जुने रहिवासी येऊन त्यावर आपापल्या घराच्या जागी आपले नाव लिहीत. पाडकामाच्या वेळी वाचवून ठेवलेल्या रस्त्यांच्या नावांच्या पाट्याही तिथे टांगलेल्या आहेत. वस्ती पाडली गेल्यावर उरलेल्या एवढ्या थोड्या ऐवजातून लोकांनी तिचा इतिहास पुन्हा उभा केला.

आपल्याकडेही असा नकाशा करता येईल. जाड कापडावर वस्तीचा जुना आराखडा छापून तो मधोमध अंथरावा आणि येणाऱ्या प्रत्येकाला आपले घर शोधून त्यावर लिहू द्यावे. गेलेल्यांना निमंत्रण मात्र आधी आणि व्यक्तिशः जायला हवे, नाहीतर त्या दिवशी फक्त उरलेलेच भेटतील. कटू प्रसंगांबद्दल माझे मत स्पष्ट आहे: ते सांगावेत, पण ज्यांनी ते सोसले त्यांच्या संमतीने, त्यांच्या शब्दांत आणि मंचाच्या गलबल्यापासून दूर, शांत खोलीत. समितीने त्यांच्या वतीने निवेदन तयार करू नये.

समांतर यांचे उत्तर

मला वरील दोन्ही उत्तरांशी काहीसा मतभेद नोंदवायचा आहे. 'सर्वांचे मिळून' म्हणून जे सांगितले जाते, त्यात पुष्कळदा संख्येने मोठ्या समाजाचा आवाज उरतो आणि लहान समाज शोभेपुरता राहतो. स्वतःची वेगळी जागा मागणाऱ्याला लगेच फुटीर ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये १९५८ मध्ये कॅरिबियन रहिवाशांवर हल्ले झाले, दंगली उसळल्या. त्यानंतर जानेवारी १९५९ मध्ये क्लॉडिया जोन्स या पत्रकार आणि कार्यकर्तीने सेंट पँक्रस टाउन हॉलमध्ये, म्हणजे बंद सभागृहात, कॅरिबियन कार्निव्हल भरवला. तो आपल्या लोकांचा, आपल्या संगीताचा मंच होता, आणि त्या घडीला त्याचीच गरज होती. रस्त्यावरचा उत्सव १९६६ मध्ये ऱ्हॉन लॅस्लेट यांनी परिसरातल्या सगळ्या समाजांच्या मुलांसाठी जत्रा भरवली तेव्हा सुरू झाला, आणि त्यात स्टीलबँड, म्हणजे पोलादी पिंपांपासून केलेली कॅरिबियन वाद्ये वाजवणारे वादक सामील झाले. नॉटिंग हिलचा आजचा प्रचंड कार्निव्हल या दोन्ही प्रयत्नांना आपले मूळ मानतो. म्हणून माझी विनंती अशी, की दालने रद्द करू नयेत. ज्या समाजाला ते हवे आहे त्याला ते द्यावे; मात्र त्यात काय मांडायचे हे त्यानेच ठरवावे, समितीने नव्हे.

कागदपत्रे यांचे उत्तर

मागे काय उरावे, एवढ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. नोंदी उराव्यात, आणि त्या उत्सवाच्या दिवशी नव्हे, तर काही महिने आधीपासून गोळा कराव्यात.

वृद्धांच्या मुलाखती त्यांच्या घरी, त्यांना सोयीच्या भाषेत आणि पंखा, दूरदर्शन बंद ठेवून ध्वनिमुद्रित कराव्यात. ध्वनिमुद्रणाच्या आरंभीच तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचे नाव मोठ्याने सांगावे. ध्वनिमुद्रणाचे काय होणार, ते कोण ऐकणार आणि नाव उघड करायचे की नाही, याची लेखी संमती घ्यावी व नंतर विचार बदलण्याचा अधिकार त्यांना द्यावा. 'जुना काळ कसा होता?' असे विचारले तर ठरीव उत्तर मिळते. 'या घरात पहिल्यांदा आलात तेव्हा शेजारी कोण होते?' असे विचारले तर माणसे, मजले आणि भांडणे आठवू लागतात.

छायाचित्रे मागून नेऊ नयेत. मालकासमोर स्कॅन करून मूळ प्रत तिथल्या तिथे परत द्यावी. ६०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ६०० बिंदू इतक्या बारकाईने) केलेले स्कॅन बहुतेक घरगुती छायाचित्रांना पुरते. मागील बाजूचा मजकूरही स्कॅन करावा, कारण पुष्कळदा नावे आणि साल तिथेच लिहिलेले असते. सगळ्याच्या किमान तीन प्रती असाव्यात आणि त्यांपैकी एक वस्तीबाहेर, शक्यतो एखाद्या ग्रंथालयात किंवा विद्यापीठात ठेवावी. समित्या मोडतात आणि संगणक बिघडतात, तेव्हा कामी येते ती हीच प्रत.

ओसरी यांची पुढील शंका

सर्वांचे मनःपूर्वक आभार. दालने ठेवावीत, परंतु मधला सर्वांत मोठा भाग नकाशाला आणि सामाईक जागांना द्यावा, असा प्रस्ताव मी पुढील बैठकीत मांडणार आहे. समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी मात्र वेगळीच भीती व्यक्त केली. वस्ती 'वारशाची' म्हणून नावारूपाला आली, की भाडी वाढतील आणि ज्यांचा वारसा आपण साजरा करत आहोत त्यांनाच घर सोडावे लागेल, असे त्यांचे म्हणणे आहे. ही भीती कितपत खरी आहे?

शिलालेख यांचे उत्तर

ती भीती खरी आहे, आणि सदस्यांनी ती बोलून दाखवली हे चांगले झाले. मलेशियातील जॉर्जटाउन हे चिनी, मलय, भारतीय आणि युरोपीय वस्तीचे बंदर २००८ मध्ये मलाक्कासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. तेथे एकाच रस्त्याच्या आसपास चर्च, चिनी देवालय, हिंदू मंदिर आणि मशीद चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहेत. परंतु भाडेनियंत्रण २००० च्या आरंभी उठल्यामुळे जुने भाडेकरू आधीच बाहेर पडू लागले होते, आणि यादीत नाव आल्यावर पर्यटन वाढले तशी जुन्या दुकानघरांची (खाली दुकान, वर घर अशा इमारतींची) हॉटेले व कॅफे होण्याची ओढही वाढली. दर्शनी भाग जपले गेले, पण त्यांच्या आत राहणारी अनेक कुटुंबे तिथे राहू शकली नाहीत.

एका दिवसाच्या उत्सवाने भाडी वाढत नाहीत. वस्तीचे नाव बाहेर विकले जाऊ लागले की वाढतात. म्हणून निमंत्रणे आधी रहिवाशांना आणि गेलेल्यांना जावीत, जाहिरात बेताची ठेवावी, आणि घरमालक किंवा बांधकाम व्यावसायिक प्रायोजक म्हणून पुढे आले तर त्यांच्या अटी समितीने सर्वांसमोर वाचून दाखवाव्यात. शिवाय सामाईक जागांच्या यादीत त्या जागेचा मालक कोण, तिथे भाडेकरू कोण आणि त्यांचा करार कशा स्वरूपाचा, या नोंदींचाही रकाना ठेवावा. तो प्रदर्शनात लावायचा नाही. तो समितीकडे राहील, आणि एखादे कुटुंब घर सोडण्याच्या दबावाखाली आले तर त्यांच्या बाजूने उभे राहताना उपयोगी पडेल.