प्रतिसाद: डिस्क गेली तर बिघडलं काय?
व्हिडिओ गेमच्या डिस्क बंद झाल्या आणि गेम नुसते डाउनलोडच करायचे झाले तर काय बिघडलं, हा वरच्या पोस्टमधला मुद्दा अर्धाच पटला. तसं डिस्क हातात असली म्हणजे गेम आपला असंही नाही म्हणा, द क्रू बघा, २०१४ चा गेम, ३१ मार्च २०२४ ला तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागपण गेला कारण सतत ऑनलाइन लागायचं, आता ती डिस्क चहाच्या कपाखाली ठेवा.

पण आमच्या नाशकात कॉलेज रोडच्या कट्ट्यावर एक डिस्क पाच जणांत फिरायची, कव्हरात कोणाकडे कधी गेली त्याची चिठ्ठी, सगळ्यांचं झालं की विकून वर थोडे टाकून पुढची घ्यायची. डाउनलोड केलेला गेम असा विकून दाखवा ना! (एक डिस्क अजून सिडकोतल्या मित्राकडेच आहे, विषय काढला की हसतो नुसता.)