अंतःस्तर, अस्तर की आणखी काही? (एंडोथेलियमला मराठी शब्द)

सदाफुली: नर्सिंगच्या विद्यार्थिनींसाठी रक्तवाहिन्यांवर एक पुस्तिका मराठीत करते आहे. रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला पेशींचा एकपदरी थर असतो, एंडोथेलियम. परिभाषेत त्याला 'अंतःस्तर' म्हणतात. पण गर्भाच्या तीन थरांपैकी सगळ्यात आतल्या थरालाही आपण अंतःस्तरच म्हणतो, आणि रक्तवाहिन्यांचा हा थर बनतो गर्भाच्या मध्यस्तरापासून! त्यामुळे वाक्य झालं, 'अंतःस्तर मध्यस्तरापासून बनतो.' तपासणाऱ्या बाईंनी त्यावर चुकीची खूण केली. वाक्य खरं आहे, पण वाचणारी प्रत्येक मुलगी तिथे अडखळणार. काय लिहू? शिवाय या पेशी एकमेकींना निरोप देतात त्याला 'संप्रेषण' लिहिलंय, तेही जड वाटतंय.

खलबत्ता: 'अस्तर' लिहा. रक्तवाहिनीचं अस्तर, अस्तरपेशी. कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

पाणिनीय: अस्तर फारसी आहे. शास्त्रीय परिभाषा संस्कृत धातूंवर उभी राहिली तरच तिच्यातून पुढचे शब्द काढता येतात. अंतःस्तर, अंतःस्तरीय, अंतःस्तरशोथ. अस्तरावरून काय काढणार, अस्तरीय?

खलबत्ता: डोळ्याचा 'पडदा' फारसीच आहे, आणि सगळा महाराष्ट्र पडद्याचं ऑपरेशन करून घेतो. दृष्टिपटलाचं ऑपरेशन झालं असं सांगणारा पेशंट मला आजवर भेटलेला नाही.

दुर्बीण: माझी हरकत फारसीला नाही, अर्थाला आहे. अस्तर म्हटलं की नुसतं आतून लावलेलं कापड डोळ्यांपुढे येतं. शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी 1865 मध्ये एंडोथेलियम हा शब्द केला, आणि पुढची शंभर वर्षं या थराकडे जवळजवळ तसंच पाहिलं गेलं. 1980 मध्ये औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी ते पालटलं. सशाच्या महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीच्या, पट्ट्यांवर ॲसिटिलकोलीन हे रसायन घातलं की काही पट्ट्या सैल पडत, काही पडत नसत. तयारी करताना ज्यांची आतली बाजू घासली गेली होती त्या सैल पडत नव्हत्या. म्हणजे वाहिनीला 'सैल हो' हा निरोप तो पातळ थर देत होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, एक वायू. याच कामासाठी 1998 चं नोबेल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. एवढं काम करणाऱ्या थराला अस्तर म्हणणं मला पटत नाही.

आजोळ: आमचे आजोबा छातीत दुखलं की जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवायचे. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

दुर्बीण: थेट आहे. ती गोळी शरीरात तोच वायू सोडते. आजारी अस्तर जे पुरेसं बनवू शकत नाही ते गोळीतून मिळतं. (बघा, मीही अस्तरच लिहिलं, इथे दुसरा शब्द हाताशी नव्हता.)

पाणिनीय: हाताशी नाही कारण आपण वापरत नाही. रोहिणी आणि नीला हे किती सुंदर शब्द आहेत! लाल ती रोहिणी, निळी ती नीला. तरी लोक धमनी आणि शीरच म्हणतात.

ओवी: धमनी काही कमी नाही. 'ध्मा' म्हणजे फुंकणे. ग्रीकांचा आर्टरीचा मूळ शब्दही हवेच्या नळीचाच, कारण प्रेतातल्या धमन्या रिकाम्या दिसत आणि त्यांतून हवा वाहते असं त्यांना वाटे. सुश्रुतसंहितेत सिरा 700 आणि धमन्या 24 सांगितल्या आहेत. दोन संस्कृतींनी एकाच नळीला वाऱ्याचं नाव दिलं याचं मला फार अप्रूप वाटतं.

इंदुरी: आधी 'पेशी'चं काय ते ठरवा. माझं शिक्षण इंदुरात हिंदीतून झालं. तिथे सेल म्हणजे कोशिका आणि पेशी म्हणजे स्नायू, मांसपेशी. रक्तवाहिनीच्या भिंतीत स्नायूही असतात आणि अस्तरही. 'भिंतीतल्या पेशी' वाचलं की मला स्नायूच दिसतात. सुश्रुतातही पेशी म्हणजे मांसच. विश्वकोशात कोशिका आहे, ती का सोडली?

खलबत्ता: कारण महाराष्ट्रातल्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या पेशी शिकवलीय. सदाफुलीताईंच्या मुली तेच शिकून आल्यात.

दुर्बीण: आणखी एक अडचण. डोळ्याच्या बुबुळावरच्या पारदर्शक पटलालाही आतून एंडोथेलियम असतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी कधीकधी त्या पेशी मोजतात. तिथे रक्तवाहिनीचा संबंधच नाही, तेव्हा 'वाहिनी-अस्तर' हा शब्द सगळीकडे चालणार नाही.

सदाफुली: पुस्तिका रक्तवाहिन्यांपुरतीच आहे. आता निरोपांचा भाग सांगते, कारण खरी गोम तिथे आहे. एखाद्या भागाला प्राणवायू कमी पडला की तिथल्या पेशी व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतात. जवळच्या रक्तवाहिनीतली एक अस्तरपेशी ते ओळखून बारीक तंतू काढत त्या दिशेने निघते. निघताना ती शेजारणींना निरोप देते, 'पुढे मी, तुम्ही मागे राहा.' हा निरोप अंगाला अंग लागूनच पोचतो. तिच्या पृष्ठभागावरचं डीएलएल-4 नावाचं प्रथिन शेजारणीच्या नॉच नावाच्या प्रथिनाला भिडतं आणि शेजारीण पुढे जायचं सोडून मागची नळी लांबवते. पुढचीला 'अग्रपेशी' केलंय. मागचीला?

पाणिनीय: वृंतपेशी. आणि नॉच म्हणजे खाच. नॉचच्या जनुकात बिघाड झाला की फळमाशीच्या पंखाला खाच पडते, म्हणून ते नाव. त्याचंही मराठी करावं.

ओवी: नको. ते विशेषनाम आहे. आणि वृंतापेक्षा देठ बरा.

रानवाट: मी डॉक्टर नाही, नाशिककडे द्राक्षबाग आहे, घरी हरभरा असतो. ताईंनी सांगितलेलं वाचून राहवलं नाही. हरभऱ्याचा शेंडा खुडला की बाजूने फुटवे येतात. शेंडा असेपर्यंत तो खालच्यांना दाबून ठेवतो. तुमच्या पुढच्या पेशीला 'शेंडा' म्हणा, अग्रपेशी कशाला? पण मला सांगा, तो निरोप बंद केला तर रक्तवाहिनीलाही जास्त फुटवे येतात का?

दुर्बीण: येतात! 2006 मध्ये उंदरांच्या कॅन्सरच्या गाठींवर हे करून पाहिलं. डीएलएल-4 अडवलं तर वाहिन्यांना फांद्याच फांद्या फुटल्या, पण त्यांतून रक्त नीट वाहीना आणि गाठीची वाढ मंदावली. अमेरिकी सर्जन ज्युडा फोकमन 1971 पासून सांगत होते की गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात. इथे वाहिन्या वाढल्या आणि गाठ उपाशी राहिली.

रानवाट: मग त्या वांझ फुटी झाल्या. द्राक्षात ज्या फुटीवर घड नसतो ती वांझ फूट, आम्ही ती काढून टाकतो.

सदाफुली: किती नेमका शब्द! मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावर येणाऱ्या नव्या वाहिन्याही अशाच. केशवाहिन्या बंद पडतात, व्हीईजीएफ वाढतं, नव्या वाहिन्या येतात त्या नाजूक, त्यांतून रक्तस्राव होतो. डोळ्यात देतात ते इंजेक्शन या व्हीईजीएफलाच अडवतं.

आजोळ: माझा विरोध. 'वांझ' शब्दाने बायकांना किती छळलंय ते आपण घराघरांत पाहिलंय. हे वाचणाऱ्या मुली आहेत, उद्या त्याच पेशंटबाईंना समजावणार. शेतातला शब्द शेतात ठीक आहे.

रानवाट: बागेत आई-बायको दोघी तोच शब्द वापरतात, कुणाला टोचायचा हेतू नसतो. पण तुमचं म्हणणं कळतं. 'निकामी फूट' लिहा.

खलबत्ता: 'फूट'च नको. 'रक्तवाहिनीला फूट आली' इथपर्यंत ठीक. पण 'पडद्यावर नव्या रक्तवाहिन्या फुटल्या' असं लिहिलं तर पेशंटला काय वाटेल? कोंबही फुटतो आणि हंडीही फुटते. आणि या आजारात त्या वाहिन्या दोन्ही अर्थांनी फुटतात, आधी येतात आणि मग त्यांतून रक्त येतं. वॉर्डात हा घोटाळा परवडणार नाही.

पाणिनीय: म्हणूनच 'अंकुरण'.

ओवी: अंकुर बीमधून येतो. गर्भात मुळात काही नसताना सुट्या पेशी जमून पहिल्या वाहिन्या होतात, त्याला अंकुरण शोभेल. असलेल्या वाहिनीतून नवी निघते ते वेगळं. इंग्रजीतही दोघांना दोन वेगळे शब्द आहेत. दुसऱ्याला 'धुमारा' घ्या. धुमारे जुन्या खोडालाच येतात.

रानवाट: धुमारा जोमाचा असतो ताई. पडद्यावरच्या त्या लेच्यापेच्या वाहिनीला धुमारा कसं म्हणणार? उसाला तुरा आल्यावर कांड्यांवरच्या डोळ्यांतून फुटतात त्या पांगशा तरी जवळच्या.

इंदुरी: पांगशा म्हणजे काय? आमच्याकडे कुणी ऐकलेला नाही.

रानवाट: फोटो टाकतो. उद्या वरच्या रानात जाणार आहे, तिथे उसाचा खोडवा आहे.